एका ओटीवर दोन दमेकरी

आमच्या घरात आजारपणाला मान आहे. भात कालवताना, सुपारी कातरताना, एसटीची वाट बघताना कुणीही आपली साखर किती आली ते सांगू शकतो आणि समोरचा शेवटपर्यंत ऐकून घेतो, कारण त्यालाही आपलं बीपी सांगायचं असतं. चुलतसासूबाईंचे गुडघे, जाऊबाईंचं पित्त, आमच्या ह्यांची मान, सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत. आणि सगळ्यांच्या वर नानांचा दमा.

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांचा दमा माझ्या लग्नाआधीपासून या घरात नांदतो, त्यामुळे सेवाज्येष्ठता त्याची. ओटीवर आरामखुर्ची, तिच्या हातावर निळा पंप, शेजारच्या स्टुलावर नेब्युलायझरचं मशीन आणि त्या मशीनवर सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. पाऊस केव्हा पडणार हे नाना वेधशाळेच्या आधी छातीवरून सांगतात. गावात कुणाला खोकला झाला तर तो दवाखान्यात जाण्याआधी नानांना ऐकवला जातो. "हा कफाचा. हा कोरडा. आणि हा नुसता लाडाचा," असा निकाल जागच्या जागी मिळतो. श्वास हा नानांचा प्रांत. त्यात इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी पाय ठेवला नव्हता. ठेवला तो जमादारनं, आणि तोही बोटांमध्ये पडदा असलेला.

जमादार हा आमचा हंस. पांढराशुभ्र, चोचीच्या मुळाशी नारिंगी टेंगूळ, वजन पाच किलोच्या आसपास. टेंगूळवाले हे पाळीव हंस मूळचे चीनकडच्या जातीचे आणि गोंगाटाबद्दल सगळ्या हंसांत नावाजलेले. देवरुखजवळच्या आमच्या गावात कुत्रा पाळायच्या नादी कुणी लागत नाही, बिबट्या घेऊन जातो. म्हणून पुतण्यानं, ओंकारनं, हे पिल्लू आणलं आणि वर्षभरात त्याचं जमादार झालं. कुळागराच्या बेड्यातून कुणी आत आलं की मान जमिनीला समांतर, पंख अर्धे उघडे आणि तोंडानं असा काही कर्णा, की मीटर वाचायला येणारा माणूस गेली दोन वर्षं रस्त्यावरूनच 'अंदाजे' बिल करतो.

ओंकारकडे हंसांच्या पहाऱ्याचा इतिहास तोंडपाठ आहे. इसवीसनापूर्वी ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्री रोमच्या टेकडीवर चढले तेव्हा कुत्री झोपली होती आणि जूनो देवीच्या हंसांनी गाव जागं केलं, अशी कथा आहे. ही झाली पुराणातली वांगी. पण स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून कित्येक वर्षं खरोखरचा हंसांचा कळप पहारा करत होता. हे ऐकून नाना एकदा जमादारकडे बघत म्हणाले, "ह्याचे भाऊबंद बघा कुठं पोचले. आणि हा आमच्या रिकाम्या सिलिंडरवर."

त्या सिलिंडरवरूनच सगळं सुरू झालं. श्रावणात एके दिवशी गॅसवाला थेट स्वैपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर टाकी, तोंडावर भांबावलेपण.

"वैनी, बदाक कुठाय?"

गावात त्याला सगळे बदकच म्हणतात. गॅसवाल्याच्या आवाजात काळजी होती की आनंद, ते मला कळलं नाही. मी बाहेर जाऊन बघितलं. जमादार आपल्या जागी होता. मला बघून त्यानं मान लांब केली, चोच उघडली, आणि आतून नुसती हवा आली. जुन्या दाराची बिजागरी करकरावी तेवढासुद्धा आवाज नाही. त्याचा त्यालाच धक्का बसला असावा, कारण त्यानं चोच मिटली, इकडेतिकडे बघितलं आणि कुणी ऐकलं नाही ना याची खात्री करून पुन्हा एकदा प्रयत्न केला. पुन्हा हवा.

नानांनी खुर्चीतून निदान केलं. "सर्दी आहे. पावसात भिजतो मेला."

हंस पावसात भिजला म्हणून आजारी पडत असेल तर मासा पाण्यात बुडून मरायला हवा. पण नानांपुढे बोलायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी निदान बदललं. "लाडाचा आहे." तिसऱ्या दिवशी मात्र जमादार विहिरीपासून ओटीपर्यंत चालत आला आणि पायरीशी थांबून चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागला. प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी वरखाली होत होती. नाना खुर्चीत ताठ बसले. ही पायरी, हा थांबा, हे तोंड उघडणं, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. शेपटीचा मुद्दा तेवढा नवीन. खूप वेळ बघून त्यांनी पंप उचलला आणि स्वतः दोन झुरके घेतले. प्रांत कुणाचा हे एकदा सांगून ठेवलेलं बरं.

मग औषधं सुचू लागली. ज्यांनी कधी जमादारच्या वीस फुटांच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनाही त्याच्या छातीची चिंता लागली. शेजारच्या सुलभाकाकू आल्याचा रस, हळद आणि मध वाटीत घेऊन आल्या. चमचाही आणला होता. कुणी ओव्याची धुरी सांगितली, कुणी छातीला विक्स. पाच किलोच्या पांढऱ्या पिसांत छाती शोधून तिला विक्स कसं चोळायचं, हे सांगणाऱ्यानं गुलदस्त्यात ठेवलं. अप्पा योगवर्ग घेतात. ते म्हणाले, "अहो, माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर आपोआप हंसमंत्राचा जप होतो, असं शास्त्र आहे. अजपाजप म्हणतात त्याला. आणि प्रत्यक्ष हंसालाच श्वासाचा त्रास!" नाना लगेच म्हणाले, "अप्पा, दम्यात श्वास दुप्पट लागतात. म्हणजे माझा जप तुमच्या दुप्पट झाला असणार." अप्पांनी विषय बदलला.

आल्याचा रस जमादारला पाजला गेला नाही याचं श्रेय जमादारच्या चोचीला आहे. तिच्या कडांना बारीक दाते असतात, गवत उपटण्यासाठी. ते काकूंच्या चमच्यावर उमटले. नंतर कळलं की काकूंच्या चमच्यावर निभावलं ते बरंच झालं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशी, अगदी समोरच, श्वासनळीचं उघडं तोंड असतं. वरून रस ओतला की तो पोटाऐवजी तिकडे जायचीच शक्यता जास्त. आणि धुरी तर विषच. पक्ष्याचं फुप्फुस हवेतलं काहीही आपल्यापेक्षा फार झपाट्यानं ओढून घेतं. खाणीतले कामगार पिंजऱ्यात कॅनरी घेऊन खाली उतरत ते याच कारणानं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेनंसुद्धा घरातला पक्षी मरू शकतो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस. त्यांनी जमादारला दुरूनच बघितलं, केसपेपरवर 'बदक (मोठे)' असं लिहिलं आणि मोकळेपणानं सांगितलं, "वहिनी, माझा हात म्हशीवर बसलेला आहे. जंताचं औषध देतो. हे गांडुळं खातात, त्यातून श्वासनळीत जंत होतात कधीकधी. उतार पडला तर ठीक, नाहीतर पक्ष्यांच्या डॉक्टरला गाठा." जंताच्या औषधानं उतार पडला नाही. फक्त दवाखान्यात आम्हाला कुणीतरी बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गावात 'बर्ड फ्लू' आला. २००६ साली नवापूरला देशातली पहिली साथ आली होती, तेव्हा आमच्याकडचे लोकही महिनाभर अंड्याला शिवले नव्हते. ती आठवण अजून ताजी आहे. डॉक्टरांनीच येऊन, घरातल्या नि शेजारच्या कोंबड्या ठणठणीत आहेत, एकही दगावलेली नाही, हे बघून ती आवई बंद केली. जाताना नानांनी त्यांना थांबवून आपली छातीही ऐकवली. त्यांनी ऐकली. नळी म्हशीचीच होती.

तोवर गणपती आले आणि गणपतीबरोबर चाकरमानी. कांदिवली, डोंबिवली, विरार. प्रत्येकाच्या पिशवीत पेढ्यांच्या पुड्याखाली रिपोर्टांची फाईल. पहिल्या रात्री जेवणानंतर ओटीवर नेहमीची मैफल बसली. स्टेंट किती बसले, कोणत्या कंपनीचे, मेडिक्लेमनं किती दिले. आत्येसासूबाईंनी आपल्या गुडघ्याचा एक्स-रे कंदिलासमोर धरून सगळ्यांना दाखवला. वीज होती, पण कंदिलासमोर जास्त स्पष्ट दिसतो असं त्यांचं म्हणणं. आणि यंदा कार्यक्रमात नवीन बाब म्हणून आम्हाला जमादार दाखवायचा होता. मी मोठ्या उत्साहानं सगळ्यांना पडवीत नेलं.

जमादार उभा होता. मान सरळ, चोच मिटलेली, शेपटी स्थिर. डोळा असा, की पाहुण्यांनी दोन पावलं मागे घेतली.

"ह्याला काय झालंय?" आत्येसासूबाईंनी विचारलं. "माझ्यापेक्षा बरा आहे."

पाहुणे परत ओटीवर गेले. मी भिंतीआडून बघत राहिले. शेवटचं माणूस उंबरा ओलांडून आत गेलं मात्र, जमादारची मान खाली आली, चोच उघडली आणि शेपटी पुन्हा वरखाली सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुसरे पाहुणे, पुन्हा तेच. पाहुणे असेतो पहाऱ्यावरचा शिपाई, पाहुणे गेले की दमेकरी. असा रुग्ण या घरानं कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे पाहुणे आले की दुखणं वाढतं. इथं ते पाहुण्यांसमोर गिळलं जात होतं. पाहुण्यांत आमचं नाव खोटारड्यात जमा झालं ते वेगळंच.

कोल्हापूरला पक्षी बघणाऱ्या एक तरुण डॉक्टरबाई आहेत असं ओंकारनं शोधून काढलं होतं. फोनवर मी हे सगळं सांगितलं तर त्या हसल्याच नाहीत. म्हणाल्या, "ताई, पक्षी सगळे असंच करतात बघा. कळपात आजारी दिसला की बाकीचे टोचून हाकलतात, आणि शिकारी पहिला त्यालाच उचलतो. त्यामुळे अंगात बळ असेपर्यंत ते दाखवत नाहीत. ज्या दिवशी आपल्याला कळतं त्याच्या कितीतरी आधीपासून आजार असतोय. माझ्या टेबलावर आला की हा ठणठणीत दिसणार. तुम्ही लांबून, त्याला कळू न देता व्हिडिओ काढा आणि पाठवा."

तेव्हा आम्ही जमादारवर पाळत ठेवली. ह्यांनी माडीच्या खिडकीतून, ओंकारनं माडाआडून, मी न्हाणीघराच्या झरोक्यातून. मोबाईल दिसला की तो श्वास आवरतो हे एव्हाना कळलं होतं. शेवटी धुण्याच्या बादलीत मोबाईल उभा करून, त्यावर टॉवेल पांघरून, एका फटीतून तो व्हिडिओ निघाला. त्यात जमादार आहे, त्याची शेपटी आहे, आणि मागून नानांचा आवाज आहे: "माझा कुणी काढला होता का असा?"

आंबा घाट चढून कोल्हापूरला जाताना जमादार माझ्या मांडीवर होता. हंस धरायची रीत म्हणजे पंख बगलेत, डोकं मागच्या बाजूला. त्यानं तुमचा चेहरा सुरक्षित राहतो. उलट बाजू पुढे येते, आणि गवत खाणाऱ्या पक्ष्याची ती बाजू फार वेळ रिकामी बसत नाही. मलकापूरपर्यंत मी सोबत आणलेली सगळी वर्तमानपत्रं वापरली होती, पुरवणीसकट. ओंकार पुढच्या सीटवरून माहिती देत होता. पट्टकादंब नावाचा जमादारचा चुलतभाऊ म्हणे दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्याही वरून उडताना त्याची नोंद झाली आहे, त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच विरळ हवेतून प्राणवायू खेचून घेणारं असतं, आणि तो आपल्याकडे जायकवाडीला, नांदूर मधमेश्वरला, भिगवणला येऊन उतरतो. मी मांडीवर बघितलं. चुलतभाऊ हिमालय ओलांडत होता, आणि आमच्या ह्याला विहीर ते ओटी झेपत नव्हतं. घराण्यात असं एखादं असतंच.

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा माझा हात सैल केला. "छाती दाबून धरू नका. ह्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आतबाहेर होते. घट्ट धरलं की गुदमरलाच." मग कागदावर चित्र काढून त्यांनी जे सांगितलं ते मला आयुष्यात कुठल्या पाठ्यपुस्तकानं सांगितलं नव्हतं. आपलं फुप्फुस मुंबईच्या लोकलच्या दारासारखं, आत शिरणारे आणि बाहेर पडणारे एकाच दारात. जुनी हवा पूर्ण बाहेर पडत नाही, नवी पूर्ण आत येत नाही. पक्ष्याचं अंबाबाईच्या दर्शनरांगेसारखं, एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, मध्ये फुप्फुसाचं दर्शन. फुप्फुस स्वतः फुगत नाही. हवा ढकलायला अंगभर नऊ पिशव्या असतात, अगदी पोटापर्यंत. एकदा घेतलेला श्वास बाहेर पडायला दोन वेळा आत ओढून दोन वेळा सोडावं लागतं.

"मग ह्याचं अडलंय कुठं?" ह्यांनी विचारलं.

एक्स-रेमध्ये जिथं काळं दिसायला हवं तिथं पिशव्यांवर पांढुरकं साचलेलं होतं. श्वासनळीतून घेतलेल्या नमुन्यात बुरशी निघाली, ॲस्परजिलस. नळी जिथं दुभंगते तिथंच पक्ष्याचा आवाज तयार होतो. त्या जागी बुरशीचा थर धरला की पहिला जातो तो आवाज.

"पावसाळ्यात ह्याला झोपायला काय घालताय?"

"पेंढा," ह्यांनी सांगितलं. "घरचा."

"ओला?"

कुणी बोललं नाही. पेंढा नानांचा. भात झोडून झाल्यावर नाना स्वतः उभं राहून उडवी रचून घेतात, आणि पावसात गोठ्यात ठेवलेल्या त्या पेंढ्यावर 'आमच्या पेंढ्याला वास बघा' असं म्हणून पाहुण्यांचं नाक टेकवतात. वास होताच. तो बुरशीचा होता एवढंच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ह्याच्यापासून माणसाला लागण होत नाही, तशी भीती नको. पण त्या पेंढ्याची धूळ माणसालाही चांगली नाही. घरात कुणाला दमाबिमा आहे का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमादारकडे बघितलं.

औषध दोन तऱ्हेचं होतं. पोटातून इट्राकोनॅझोल, आणि पिशव्यांना रक्तपुरवठा अगदी जेमतेम असल्यामुळे पोटातलं औषध तिथं नीट पोचत नाही म्हणून वरून नेब्युलायझरची वाफ. तेही आठवड्याचं काम नाही, काही महिन्यांचं. देवरुखला औषधाच्या दुकानात मी चिठ्ठी दिली. इट्राकोनॅझोल आपल्याकडे सर्रास नायट्यासाठी देतात. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि चार गिऱ्हाइकांसमोर सहानुभूतीनं विचारलं, "कुठं आलाय?" मी म्हटलं, "हंसाला." तो म्हणाला, "असू दे वहिनी, सगळ्यांनाच होतं हल्ली."

डोस वजनावर, म्हणून वजन वेळोवेळी करायचं होतं. काट्यावर हंस उभा राहत नाही. त्याला घेऊन माणसानं उभं राहायचं आणि मग माणसाचं वजन वजा करायचं. त्यासाठी माणसाचं वजन मोठ्यानं वाचावं लागतं. आत्येसासूबाई अजून मुक्कामाला होत्या. जमादारचं वजन साडेचार किलो भरलं, अर्धा किलो उतरलं होतं. पण त्या दिवशी घरात चर्चा त्या आकड्याची झाली नाही.

कॅप्सूलमधले दाणे वाटून, त्यातला एक हिस्सा माठाच्या पानात गुंडाळून द्यायचा. मी गुडघ्यांत जमादारला धरायची, डाव्या हातानं चोच उघडायची. आत गुलाबी जीभ, तिच्याही कडेला काटे. जिभेच्या मुळाशी ती चीर उघडत-मिटत असायची, श्वासाबरोबर. तिला चुकवून पुडी बाजूनं मागे सारायची. चोच सोडली की तो मान झटकून, अगदी सावकाश, ती गिळायचा. मग माझ्या मनगटाचा चावा घ्यायचा. क्रम कधी चुकला नाही. औषध पूर्ण गिळून झाल्यावरच चावायचं, ही त्याची शिस्त.

वाफेचं मशीन मात्र तंट्याचं कारण झालं. गणपतीत दुकानं बंद, आणि घरात चालू मशीन एकच, क्रोशाच्या रुमालाखालचं. ह्यांनी भीतभीत विषय काढला.

"माझं मशीन?" नाना म्हणाले. "त्याला?"

"दोन दिवस. मास्क वेगळा लावू."

"मास्क कुठं लावणार? नाक आहे का त्याला?"

आहे. चोचीवर दोन भोकं आहेत, आणि ती साफ राहावीत म्हणून हंसाला अख्खं डोकं बुडेल एवढं खोल पाणी लागतं. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. नानांनी रुमालावर हात ठेवला. "ह्या मशीननं मला दोनदा मरणाच्या दारातून आणलंय. त्यात बदकाची बुरशी गेली तर मी कुणाकडे बघायचं?" डॉक्टरबाईंनाही ते मान्य होतं. एकाचं मशीन दुसऱ्याला वापरायचंच नाही, असं त्यांनी फोनवर बजावलं. नानांनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग ह्यांनी रत्नागिरीला जाऊन दुसरं मशीन आणलं. नव्या तऱ्हेचं, आवाज न करणारं. त्याचा नानांना आणखी राग आला.

रोज सकाळी भाजीच्या क्रेटमध्ये जमादारला बसवायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक, एका कोपऱ्यातून नळी. आत धुकं भरायचं आणि त्यातून फक्त नारिंगी टेंगूळ दिसायचं. समोर आरामखुर्चीत नाना, तोंडावर मास्क, त्यांच्या जुन्या मशीनची घरघर. दोघंही वीस मिनिटं एकमेकांकडे बघत बसायचे. दूधवाला एकदा ओटीवर येऊन हे दृश्य बघून दूध तसंच ठेवून गेला, मापही परत न्यायचं विसरला.

पेंढा गेला. जमादारच्या खाली रोज धुतलेली जुनी सुती धोतरं आली. धोतरं नानांचीच. संध्याकाळचा ऊद बंद झाला, डासांची कॉइल बंद झाली, न्हाणीघरातल्या चुलीचा धूर पडवीकडे जाऊ नये म्हणून मध्ये पत्रा लागला. देवासमोरचा धूप बंद झाला तेव्हा चुलतसासूबाई म्हणाल्या, "देवापेक्षा बदक मोठं झालं या घरात." नाना म्हणाले, "देवाला दमा नाही." हे जमादारच्या बाजूनं आलेलं पहिलं वाक्य. त्यानंतर हळूहळू नाना त्याच्या श्वासांवर लक्ष ठेवू लागले. हातात घड्याळ, ओठांवर आकडे. "काल शेपटी कमी हलत होती," असं रात्री जेवताना कळायचं. गावातून खोकला घेऊन कुणी आलं की त्यालाही आता आधी विचारलं जायचं, "घरात पेंढा कुठला?"

दसऱ्याच्या सुमारास आवाज आला. पूर्वीचा कर्णा नाही, जरा घोगरा. पण गॅसवाला फाटकापासूनच परत फिरला, तेव्हा आम्ही घरातल्या घरात पेढे वाटले. डॉक्टरबाईंनी सांगितलं की औषध एवढ्यात थांबवायचं नाही, ही बुरशी दबा धरून बसते, बरा दिसला म्हणून बरा समजू नका.

जमादारच्या बाबतीत आम्ही तशीही दिसण्यावर भिस्त ठेवत नव्हतो. पण त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की नानांचा पंप पूर्वीइतक्या वेळा बदलावा लागत नाही. रात्रीची खोकल्याची उबळ ऐकून कित्येक दिवस झाले होते. विचारलं तर नाना तुटक म्हणाले, "कुठलं बरं? आतून आहे." दुपारी पाहुणे आले की उबळ नेमकी यायची, जरा नाटकाच्या तिसऱ्या अंकातली. पेंढा, ऊद, कॉइल, धूर, सगळंच गेलं होतं. नाना बरे होत होते आणि ते कुणाला कळू नये म्हणून धडपडत होते. एवढ्या वर्षांची खुर्ची अशी सहजी कोण सोडेल?

एके दुपारी सगळे झोपलेले असताना मी झरोक्यातून बघितलं. नाना आणि जमादार दोघंच विहिरीकडून येत होते. नानांच्या हातात पाण्यानं भरलेली कळशी. न थांबता, तोंड मिटून, पायऱ्या चढून ते ओटीवर आले. वर जमादारला म्हणाले, "चल चल, दमलास काय एवढ्यात?" मी बादलीतला मोबाईल सुरू केला होता. सवयीनं.

टॉवेल जरा सरकला असावा. नानांची नजर बादलीवर गेली. कळशी धाडकन खाली आली, एक हात खांबाला, दुसरा छातीला, आणि चार घरं जागी करणारा खोकला सुरू झाला. जमादारनं मान वळवून बादलीकडे बघितलं, चोच मिटली, आणि ताठ उभा राहिला.

व्हिडिओ ह्यांनी चाकरमान्यांच्या ग्रुपवर टाकला. आत्येसासूबाईंनी कांदिवलीहून उत्तर पाठवलं: नानाला जपा, बदक बरं दिसतंय.